कॉपर बे घ्यावा की नको

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

कॉपर बे हा गेम पुन्हा आलाय. वीस वर्षांनी. अनघाने सकाळी लिंक पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "दादा, बघ." अनघा माझी चुलत बहीण, हिंजवडीत नोकरीला असते. तोच पिवळट समुद्र, तेच दीपगृह, तीच टॅक्सी. फक्त आता पाणी चकाकतं आणि माणसांना बोटं आहेत. आमच्या वेळी हातांच्या जागी ठोकळे होते.

किंमत साडेतीन हजार. आता मला सांगा, जुन्या गेमला रंगसफेदी करायची आणि नव्याचा भाव लावायचा, ही कुठली रीत? तेजलला हे ऐकवलं. वाटलं, साडेतीन हजारांत घरात काय काय येतं त्याची यादी ऐकायला मिळणार. तर म्हणते, घ्या की. लग्नाला नऊ वर्षं झाली, मिक्सर घेतानाही तिने तीन महिने चौकशी केली होती. बहुतेक तिचं लक्ष नव्हतं.

निर्णय होईपर्यंत रोज जमेल तसं लिहायचं ठरवलंय. एका ट्रॅव्हल्सवाल्याने दिलेली गेल्या सालची डायरी कोरी पडली होती, तीच काढली.

२० नोव्हेंबर

नीट निर्णय घ्यायचा तर आधी परिस्थिती लिहायला हवी.

मी प्रितम, राहणार कुसगाव, धंद्याने ड्रायव्हर. लोणावळ्याच्या टॅक्सी स्टँडवर माझा अकरा नंबर. हा नंबर एकोणनव्वद सालापासून आमच्या घरात आहे, आधी अण्णांचा, अण्णा गेल्यावर माझा. स्टँडवर नंबर पंचवीसच. वेटिंगला लोक वर्षं काढतात. नियम असा की सलग सहा महिने गाडी स्टँडवर लागली नाही तर नंबर वेटिंगमधल्या पहिल्याला जातो. माझे सहा महिने ३१ जानेवारीला भरतात.

दोन ऑगस्टला पॉइंटवरून खाली येताना वळणावर माझी गाडी धुक्यात रस्त्याकडेच्या चारीत गेली. मागे चिंचवडच्या शालूबाई होत्या, अण्णांच्या वेळेपासूनच्या गिऱ्हाईक. त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मला खरचटलंही नाही. धुकं इतकं होतं की बोनेट दिसत नव्हतं. पोलिसांनी तेच लिहून घेतलं, शालूबाईंच्या मुलानेही तेच मान्य केलं. सगळे म्हणाले, धुक्यापुढे कुणाचं काय चालतंय.

गाडी सप्टेंबरातच नीट होऊन आली. अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. मी दार उघडून आत बसतो आणि चावी फिरवायच्या आधी हाताला घाम येतो, म्हणून उतरतो. सध्या फोनवर बुकिंग घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या पाठवतो. त्यातही अर्धी बुकिंग हुकतात, कारण फोन सायलेंटवर असतो. वाजला की मला सोसत नाही.

सोपानभाऊ म्हणजे आमच्या स्टँडचे अध्यक्ष. दर आठवड्याला बाजारात भेटले की विचारतात, "आला का रं पार्ट?" मी म्हणतो, न्हाई अजून. अडीच महिने एकच पार्ट येईना, तरी या माणसाला शंका म्हणून येत नाही. फार भोळा आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर मोबाइलवर कॉपर बेचे रिव्ह्यू बघितले. एक म्हणतो माणसांची तोंडं मेणाची वाटतात. दुसरा म्हणतो गाडीतल्या रेडिओवरची निम्मी जुनी गाणी काढून टाकलीत. आणि झाडून सगळे धुक्याला शिव्या घालतात. जुन्या गेममध्ये धुकं नव्हतं, यात नवीन घातलंय म्हणे, आणि इतकं दाट की समोरचं काही दिसत नाही. मी तिथेच बंद केलं. धुकं बघायला मी पैसे देऊ? लोणावळ्यात राहून?

पण गेम मात्र भारी होता. २००५ साली बाजारातल्या नेट कॅफेत आम्ही चौघं जायचो, सगळी ड्रायव्हरची पोरं, आणि शेपटासारखी अनघा, तेव्हा सहावीत. आमची सगळ्यांची मिळून एकच सेव्ह फाइल, एकाने सोडलं तिथून दुसऱ्याने पुढे. पाळी स्टँडसारखी, नंबरने. गेममधला हिरो खरं तर गुंड. बाकीची पोरं माणसं उडवायची, गाड्या ठोकायची. आम्ही टॅक्सी चालवायचो. सिग्नल तोडला की त्याचा नंबर गेला. पॅसेंजर ओरडला तर दोन नंबर गेले.

तिसऱ्या कामात एक टकलू शेठ सांगायचा की हॉटेलसमोरची लाल गाडी घेऊन ये. आम्ही आणायचो. मग तो इंग्रजीत लांबलचक काहीतरी बोलायचा, ते कुणाला कळायचं नाही. आम्ही ती गाडी धुवायचो आणि हॉटेलसमोर होती तिथे नेऊन लावायचो. गाडी हॉटेलच्या गिऱ्हाइकाची, काम झाल्यावर जागेवर नको लावायला? की लगेच स्क्रीनवर लाल अक्षरं, काम फेल. आम्हाला वाटायचं, धुण्यात काही कमी राहिलं. दोन वर्षं आम्ही ती गाडी धुऊन परत नेली. पुढचा पूल कायम बंद असायचा, त्याचंही कुणाला नवल वाटलं नाही. घाटात तरी कधी काम चालू नसतं?

१ डिसेंबर

अनघाचा फोन आला. बोलता बोलता मी लाल गाडीचा विषय काढला, तर हसत सुटली. म्हणाली, "अरे दादा, ती चोरायची होती."

मग तिने समजावलं. गाडी त्या शेठच्या गोदामात लपवायची, मग पूल उघडतो, मग पुढची दोन बेटं. एकूण तीन बेटं आहेत. आम्ही दोन वर्षं एकाच बेटावर टॅक्सी हाकत बसलो. अनघाला हे सातवीत असताना कळलं होतं. मग सांगितलं का नाहीस, विचारलं, तर म्हणे तुम्ही इतक्या मनापासून पुसायचात ती गाडी, मला सांगवेना.

मग एकदम म्हणाली, गाडी काढलीस का? मी विचारलं, कुठली, लाल? ती गप्प झाली. नेटवर्क गेलं असावं.

एकूण विचार करता गेम न घेण्याकडे कल आहे.

६ डिसेंबर

दर वर्षी पाच डिसेंबरला दुपारी मी आईला, शेजारच्या आक्काबाईला आणि वस्तीतल्या आणखी चौघींना घेऊन दादरला जातो. रात्रभर रांगेत उभं राहून त्या बाबासाहेबांपुढे डोकं टेकवतात आणि सहाला संध्याकाळी परत. या वर्षी मी काही बोलायच्या आतच आई म्हणाली, "मागल्या साली तुज्या गाडीच्या एशीनं लय गारठलो आमी. यंदा रेल्वेनंच जाऊ."

माझ्या गाडीचा एसी दोन वर्षं बंद आहे. वय झालंय तिचं, गोंधळ होतो.

आज संध्याकाळी परत आल्या. आईचे पाय सुजलेत. मी गरम पाणी करून दिलं, त्यात पाय सोडून बसली आणि स्टेशनवर किती गर्दी होती ते मला अजिबात सांगितलं नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

८ डिसेंबर

गेम घेतला. म्हणजे मी घेतला नाही, तेजलने घेतला. सेल लागला होता, एकवीसशेला मिळाला. वर काल अनघा येऊन तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली, आणि सोबत स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं. कॉम्प्युटरला जोडता येतात म्हणे. ऑफिसातला कुणीतरी टाकून देत होता. स्टिअरिंगवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. या आयटीवाल्यांना वस्तूची किंमतच नाही.

तेजलने स्वतः टेबल आवरून जागा करून दिली. बायको नवऱ्याला गेम खेळायला टेबल आवरून देते, हे वस्तीत कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

९ डिसेंबर

पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग. टॅक्सी मिळाली, पॅसेंजर बसला, दीपगृहाकडे म्हणाला. उताराला लागलो आणि धुकं आलं. हळूहळू नाही, एकदम, जसं आपल्याकडे पॉइंटवर येतं. पुढे वळण होतं, डावीकडे दरी.

मी लॅपटॉपचं झाकण लावलं. नीट बंदही केला नाही. हात ओले झाले होते. एकवीसशे पाण्यात.

तेजल दारातून बघत होती. आज नको तर उद्या, म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

१४ डिसेंबर, रविवार

ते वळण आज सात वेळा घेतलं. पहिल्या चार वेळा मधेच थांबून गाडी कडेला घेतली. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारून जीव खाल्ला. पॅसेंजर इंग्रजीत शिव्या देऊन उतरून गेला. जाऊ दे. पाचव्यांदा पार झालो. वेग वीस. त्यानंतरच्या दोन्ही वेळा पार.

आई शेजारी येऊन बसली होती. तिला गेम वगैरे काही कळत नाही, पण म्हणाली, "तुजा बाप बी असाच जायचा धुक्यात. कडंची पांढरी पट्टी धरून." गेममध्ये पांढरी पट्टी आहे. मी तीच धरली होती.

२१ डिसेंबर

कॉपर बे घ्यावा का, यावर माझं मत नोंदवून ठेवतो. तोंडं खरंच मेणाची आहेत. गाणी कापलीत हा नालायकपणा आहे. लॅपटॉप इतका तापतो की त्यावर भाकरी भाजावी. पूल उघडायला गाडी चोरावी लागते, ती मी अजून चोरलेली नाही, मनाला पटत नाही. पण धुकं मात्र झकास केलंय. ज्याने केलं तो कुठेतरी घाटात राहिलेला असणार. शिव्या देणाऱ्यांनी ते पळवून बघितलंय. धुक्यात पळायचं नसतं, एवढंच.

आज सकाळी खरी गाडी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवली. बॅटरी उतरू नये म्हणून.

२४ डिसेंबर

बाजारात मुंगी शिरायला जागा नाही. नाताळची गर्दी, स्टँडवर सगळ्यांचे दिवसाला तीन-तीन नंबर लागतायत. वेटिंगमधला पहिला पोरगा, सुरज, कमिटीकडे गेला होता की अकरा नंबर रिकामाच आहे तर आत्ताच द्या, सीझन वाया जातोय. त्याचंही चूक नाही. पण सोपानभाऊंनी मीटिंगच लावली नाही. रजिस्टर सापडत नाही म्हणे. मागच्या महिन्यात शिक्का हरवला होता. असा अध्यक्ष असल्यावर स्टँडचं काय होणार देव जाणे.

गाडी अंगणातल्या अंगणात मागे-पुढे केली. टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून.

२८ डिसेंबर, रविवार

आज लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

मोजून बघितलं. दीपगृहाचं वळण मी आजवर धुक्यात साठच्या वर वेळा घेतलं. पहिल्या चार वेळा कडेला थांबलो, पण एकदाही गाडी खाली गेली नाही. सकाळच्या धुक्यात घेतलं, पावसातल्या धुक्यात घेतलं. बोनेट दिसत नव्हतं तरी घेतलं. दुपारी खुशीत होतो, तेजलला सांगितलं की धुक्यात गाडी नीट चालवता येते, मला येते.

सांगितलं आणि माझंच वाक्य मला लागलं. धुक्यात गाडी नीट चालवता येत असेल तर दोन ऑगस्टला चारीत गेली ती धुक्याने गेली नाही. मी सोळा-सतरा वर्षं त्या रस्त्यावर आहे.

फोन वाजला होता. मी खाली बघितलं, उचलला, कानाला लावला. एक हात स्टिअरिंगवर. नंबर कुणाचा होता तेसुद्धा बघितलं नव्हतं. हॅलो म्हणालो आणि गेलो. खाली गेल्यावर फोन सीटखाली पडला होता, तो मी शालूबाईंच्या आधी उचलून खिशात घातला. त्यांच्या आधी. त्या विव्हळत होत्या.

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. धुकं म्हणाले सगळे, मी हो म्हणालो.

४ जानेवारी २०२६

तेजलला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळायचं थांबली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. सगळं ऐकून म्हणाली की मला वाटलंच होतं, तुम्ही रिंगटोन ऐकून दचकता तेव्हापासून. पाच महिने तिला वाटत होतं आणि ती वाट बघत होती. मग म्हणाली, आता शालूबाईंना सांगा. मी म्हटलं, आणि त्यांच्या मुलाने केस केली तर? करू दे, म्हणाली.

तीन चपात्या जास्त खाल्ल्या. का ते माहीत नाही.

११ जानेवारी, रविवार

चिंचवडला गेलो. शालूबाई गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. हात वर जातो आता, पण पूर्ण नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी चपलाही नीट काढल्या नाहीत आणि सांगून टाकलं. धुकं होतं, पण चूक माझी होती, मी फोन उचलला होता.

त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "अरे, मीच तर म्हणाले तुला, उचल, सून असेल."

मला हे आठवत नव्हतं. आत्ताही आठवत नाही. पण खरं आहे ते. बुकिंग सुनेने केलं होतं, पोचल्या का म्हणून तीच मला फोन करत होती. त्या मागून म्हणाल्या, उचल, ती घाबरट आहे. आणि घरी आल्यावर त्यांनीही सगळ्यांना धुकं सांगितलं. हाड जुळेपर्यंत सहा आठवडे सून रोज त्यांची वेणी घालायची. "रोज वाटायचं तिला सांगावं," म्हणाल्या. "'तुझाच फोन होता गं, आणि मीच उचलायला लावला,' एवढंच. ती मायेने केस विंचरायची आणि माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. तू पोलिसांत माझं नाव सांगशील म्हणून तुझीही भीती वाटायची मला."

माझी भीती. मी त्यांना भ्यायचो आणि त्या मला.

त्या म्हणाल्या, म्हणजे चूक माझीच. मी म्हटलं, नाही बाई. तुम्ही काहीही म्हणालात तरी स्टिअरिंग माझ्या हातात होतं. हे बोललो आणि छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं. त्यांचेही डोळे भरले. सुनेला आणि मुलाला त्या स्वतः सांगणार आहेत. केस-बिस काही होणार नाही म्हणाल्या, पण झाली तर झाली, मी तयार आहे. निघताना त्यांनी दोन तिळाचे लाडू बांधून दिले. एक स्टेशनवरच खाल्ला.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी साडेसातला गाडी काढली. तेजल शेजारी. बॅटरीसाठी नाही, टायरसाठी नाही, चालवायला काढली.

भुशीच्या रस्त्याने वर, पॉइंटपर्यंत, आणि तिथून खाली. वरती थोडं धुकं होतं. हाताला घाम आला, पुसला, पुन्हा आला, पुन्हा पुसला. वळणावर पंधराचा वेग. खाली येऊन कडेला थांबलो आणि उतरून बघितलं. साधं वळण आहे. अण्णांनी मला गाडी शिकवली तेव्हा याला वळणसुद्धा म्हणत नव्हते.

२५ जानेवारी

सोपानभाऊंना सांगितलं, पार्ट आला. ते म्हणाले, "बरं झालं. लय लांबनं आला म्हनायचा." आणि रजिस्टरही सापडलं म्हणे, टेबलातच होतं. मी मनात म्हटलं, धन्य आहे.

अनघाने विचारलं, शेवटी काय, मी घेऊ का कॉपर बे? मी सांगितलं, नुसता खेळायचा असेल तर नको, जुनाच बरा होता. तुझं ते स्टिअरिंग परत घेऊन जा, कुणाच्या तरी कामाला येईल.

३१ जानेवारी, शनिवार

सात वाजता स्टँडवर गाडी लावली. शेवटचा दिवस. सुरज समोर उभा होता, त्याच्याकडे बघायला जड गेलं. तोच पुढे आला आणि माझी काच पुसून दिली. पुढच्या वर्षी एकोणीस नंबरवाले सोपानभाऊंचे मेहुणे गाडी बंद करणार आहेत, तेव्हा त्याचं होईल.

नऊला माझा नंबर लागला. पुण्याचं जोडपं, बेडसे लेणी. जाताना धुकं नव्हतं, काही नव्हतं, स्वच्छ ऊन. साहेब दोनदा म्हणाले की जरा दाबा, मी दाबली नाही. लेणी बघून ते दोन तासांनी उतरले, नंतर कामशेतला जेवले, मग परत. साडेतीनला त्यांना हॉटेलवर सोडलं आणि डिकी उघडून पिशवीतला फोन काढला.

तेजलचे अकरा मिस्ड कॉल.

घरी आलो तर ती अंगणातच उभी होती, गेटला धरून. चेहरा पांढराफटक. मला बघितलं, गाडी बघितली, गाडीच्या चारी बाजूंनी फिरून आली. मग आवाज चढला. सकाळपासून फोन करतेय, एक उचलता येत नाही, मेले मी इथे काळजीने, काय करत होतात?

"गाडी चालवत होतो," मी म्हणालो.

ती तोंडावर पदर दाबून पायरीवर बसली आणि बराच वेळ रडली. मी शेजारी बसलो. मग आई आतून म्हणाली, दोघंबी जेवून घ्या, कालवण गार व्हतंय.